नको म्हणालो ते पंख्याला!

...आणि वर मलाच विचारतात हो, "मालक कोण?" आता काय सांगू? अहो, मालक असता तर त्याच्या दारात जाऊन बसलो असतो, हातापाया पडलो असतो, नाहीच ऐकलं तर दोन शब्द सुनावले असते, पण त्या मिटिंगमधला माझा एक शब्द पुसून घेतला असता! एकच शब्द! दोन अक्षरी! पण तिथं मालक कोण? कुणीच नाही!

नाही, हसू नका. पहिल्यापासून सांगतो. मी घड्याळवाला. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली... रस्त्याकडं काच, आत टेबल, टेबलावर पांढरा कागद, कागदावर दिवा, दिव्याखाली मी. तेहतीस वर्षं! डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि चिमट्यात केसासारखी बारीक स्प्रिंग. शिंक आली तरी गेली! आणि ती खाली पडली की पडली असं नसतं, ती फरशीच होऊन जाते, मग लोहचुंबक घेऊन खुशाल रांगत बसा. म्हणून आमच्या त्या खोलीत पंखा आहे, पण लागत नाही. सासऱ्यांनी हौसेनं बसवून दिलेला, एकतीस वर्षं छताला नुसता टांगलेला. हा पंखा लक्षात ठेवा बरं का, पुढं लागणार आहे. लागणार म्हणजे... कळेलच तुम्हाला.

आता बायको रोज दुपारी दारात येते, पदरानं वारा घेते आणि विचारते, "अहो, पंखा लावू का?" आणि मी मान वर न करता ओरडतो, "नको!" रोज! डॉक्टर गुडघ्यावर टिचकी मारतात आणि पाय आपोआप उडतो ना, तसं आहे ते. तिनं विचारलं की माझं "नको" उडतं. त्यात राग नाही, विचार नाही... विचार तर अजिबातच नाही.

तर आमच्या बाजारात वाचनालयाचा मनोरा आहे, त्यावर मोठं घड्याळ. अकरा वर्षं बंद. चारला दहा कमी! "चार वाजता येतो" म्हणून गेलेली माणसं अकरा वर्षांत परत आलेली नाहीत, विचारलं तर मनोऱ्याकडं बोट दाखवतात. त्या घड्याळाला माझ्या वडिलांनी सव्वीस वर्षं चावी दिली. दर सोमवारी एकशे बारा पायऱ्या. लहान असताना मी मागून मोजत चढायचो आणि वर गेल्यावर ते म्हणायचे, "कान लाव." मी त्या गार लोखंडाला कान लावायचो आणि आतून असा आवाज यायचा... टक्... टक्... अख्खा गाव शांतपणे श्वास घेतोय असं वाटायचं. खरं सांगतो, ते घड्याळ बंद पडलं त्या दिवसापासून मी बाजारातून जाताना मान खाली घालून जातो. घड्याळवाल्याच्या गावात घड्याळ बंद! लोक काही बोलत नाहीत, पण काटे बोलतात ना!

बंद का? तर मनोऱ्याला रंग देताना त्याचं एक चाक हरवलं. वाकड्या दातांचं, टक्टक् करणारं मुख्य चाक. बाकी सगळं ठणठणीत! पण त्याला दाते किती, ते किती वाकडे, कुणाला ठाऊक नाही. बनवणारी कंपनी माझ्या जन्माआधीच गेली. आणि यंदा पालिकेतले साहेब म्हणाले, "एक तारखेला क्रेन येणार. ते घड्याळ उतरवतो आणि लाल आकड्यांची पाटी लावतो, खाली गादीची जाहिरात." गादीची! म्हणजे गाव वर बघणार आणि जांभई देणार!

मी म्हटलं, "साहेब, चालेल!"

साहेब खूश. "चालेल ना? मग लावतो पाटी!"

"अहो पाटी नाही, घड्याळ चालेल! मी चालवतो!"

"एक तारखेच्या आत?"

"चालेल!"

"हे कुठलं चालेल?"

बघा, आमच्या धंद्यात हा असा घोळ. पण तो घोळ काहीच नाही. पुढं ऐका.

आता माझा मेहुणा. म्हणजे बायकोचा भाऊ, कॉम्प्युटरवाला. त्याला साधं काही आवडतच नाही, कुलूपसुद्धा आकड्यांचं. तो म्हणाला, "दाजी, तुमच्यासारख्या घड्याळवाल्यांचं एक मंडळ आहे. गावोगावची मराठी माणसं, देशोदेशी पसरलेली. सगळं ऑनलाइन, ब्लॉकचेनवर!" म्हटलं, ती काय भानगड? तर म्हणे साखळी. म्हणजे मंडळाची एक वही, पण ती एका सेक्रेटरीच्या कपाटात नाही, प्रत्येक सभासदाच्या घरी तिची प्रत. एका ओळीला पुढची ओळ अशी अडकवलेली की मधली कुणाला खोडता येत नाही. एकानं खोडली तर बाकीच्या वह्या बोंब मारतात, "खोटं! खोटं!" म्हणजे दगडावरची रेघ म्हणा ना. मी म्हटलं, "आणि चूक झाली तर?" मेहुणा म्हणाला, "चूकही कायमची." काय अभिमानानं म्हणाला!

बरं, मी गेलो त्यात. का गेलो? तर एका म्हाताऱ्या कारागिरानं मनोऱ्याच्या घड्याळांची आयुष्यभर काढलेली चित्रं जाताना ह्या मंडळाला देऊन टाकली होती, आणि त्यांत आमच्या घड्याळाचं चाक होतं! दात्यांसकट! पण तो म्हातारा घड्याळवालाच, पक्का. त्यानं अट घातली... कुठलंही चित्र उघडायचं तर मिटिंगला हजर असलेल्या सगळ्यांची संमती हवी. एकाचंही "नको" आलं तर चित्रांची पेटी बंद आणि सहा महिने तो विषय पुन्हा आणायचा नाही. म्हणजे माझी एक तारीख गेलीच!

आणि मिटिंग कशी? व्हिडिओवर. पण साधा व्हिडिओ नाही! आधी म्हणे कुठल्याशा कंपनीच्या फुकटच्या सोयीवर भेटायचे, तर एक दिवस त्या कंपनीनं शटर ओढलं आणि मंडळ रस्त्यावर! तेव्हा ह्यांनी ठरवलं, आता मधे कंपनीच नको. आता ती मिटिंग सभासदांच्याच कॉम्प्युटरांतून पळते, थोडी ह्याच्या घरातून, थोडी त्याच्या घरातून. माझ्या वाट्याला सात चेहरे आले. सात! ते माझ्या पुढच्या खोलीतून पुढं जातात. बायको म्हणाली, "ह्या लोकांचे चेहरे आपल्या विजेवर का म्हणून?" आता मालकाला विचारावं तर मालक कोण? कुणीच नाही!

आणि मालक नाही म्हणजे काय होतं, ते तुम्हाला सांगतो. तिथं एक लंबककाका आहेत. लंबकाच्या घड्याळांत हयात गेली, बोलणंही लंबकासारखंच... एक शब्द इकडं... मग बराच वेळ काही नाही... मग एक शब्द तिकडं. ते एकदा मिटिंग चालू ठेवून आंघोळीला गेले. गायला लागले! तिघं-चौघं ओरडतायत, "अहो, त्यांचा आवाज बंद करा!" कोण करणार? कुणाचा आवाज बंद करायला मालक लागतो. मतदान घ्यावं लागतं, आणि त्या मतदानाला लंबककाकाही हवेत, आणि लंबककाका साबण लावतायत! अठरा मिनिटं गायले. ते गाणं आता वहीत आहे. कायमचं!

दुसऱ्या कुकूताई. कुकूच्या घड्याळांच्या डॉक्टर. मागच्या भिंतीवर अकरा घड्याळं आणि एकाचंही दुसऱ्याशी पटत नाही, त्यामुळं तीन वाजायला सुरुवात झाली की सव्वातीनपर्यंत तीनच वाजत असतात. पण बाई हुशार! तिथं सगळ्यांना त्यांचाच धाक.

आता मतदान. आम्हा लोकांचे दोन्ही हात कामात, डोळ्याला भिंग, बटण कोण दाबणार? म्हणून मेहुण्यानं सोय केली की मत तोंडानं द्यायचं, मशीन ऐकेल. पहिल्या वेळी मशीन म्हणालं, "मत द्या." झालं! मत द्या म्हटल्यावर आपल्या माणसानं कधी एका शब्दात मत दिलंय? "माझं मत असं आहे की..." जो तो सुरू! एकानं तर वाळूच्या घड्याळापासून सुरुवात केली. मग ठरलं, दोनच शब्द ठेवू. "हो" आणि "नाही"? छे! "हो ना", "नाही तर काय", "हो का", "नाही हो"... आपल्या प्रत्येक वाक्याला हे दोघं लटकलेले असतात, मशीन वेडं व्हायचं. तीन रविवार चर्चा झाली आणि शेवटी संमतीला शब्द निवडला, "चालेल." घड्याळवाल्यांचा लाडका शब्द! गिऱ्हाईक सकाळी पहिलं हेच विचारतं, "चालेल का हो?" आणि विरोधाला?

"नको."

कळलं? तुमच्या चेहऱ्यावर आत्ताच बारा वाजायला लागले. थांबा, अजून वेळ आहे.

तो रविवार उजाडला. दुपारी तीन. एकतीस सभासद हजर. मी घरचा सदरा बदलून चांगला शर्ट घातला, दाढी केली, चाकाची आख्खी कहाणी सांगितली. वडील, चावी, एकशे बारा पायऱ्या. लंबककाकांनी डोळे पुसले... आधी एक... मग बऱ्याच वेळानं दुसरा. आणि इकडं माझा कॉम्प्युटर! सात चेहरे वाहून वाहून तो इतका तापला, इतका तापला, खोली म्हणजे भट्टी झाली. दार-खिडक्या बंद, कारण रस्त्याचा आवाज मशीननं ऐकायला नको. मी घामाघूम. मशीन म्हणालं, "मत द्या. एक मिनिट."

"चालेल!" "चालेल!" "चालेल!" काय सांगू तुम्हाला, कानात साखर पडत होती! लंबककाका म्हणाले, "चा..." आणि आम्ही सगळे श्वास धरून, "...लेल!" तीस झाली. तीस! उरलं फक्त माझं. मी छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं...

आणि मागून दार उघडलं. "अगंबाई, काय हा उकाडा! अहो, पंखा लावू का?"

"नको!"

टिंग! मत नोंदलं.

मिनिट संपलं. पडद्यावर आलं, "चालेल तीस, नको एक. ठराव नामंजूर." आणि आता ऐका माझी अक्कल! माझ्या ध्यानातच आलं नाही! पंख्याला "नको" म्हणालो हे मला ऐकूच आलं नाही हो, स्वतःचा श्वास कुणाला ऐकू येतो का? मला वाटलं, माझं "चालेल" गेलं आणि कुणीतरी घात केला. मी उठलो ते खुर्ची मागं पाडूनच. म्हटलं, "कोण तो? समोर या! ज्यानं आत्ता नको म्हटलं तो माणूस आहे की कोण आहे? त्याला आईबाप आहेत की नाहीत? अख्ख्या गावाचा श्वास अडकवून ठेवणारा तो नतद्रष्ट! करंटा! त्याच्या हातात घड्याळ द्यायची लायकी नाही, त्याला सूर्यावर वेळ बघू दे! त्याच्या घरात एक काटा सरळ चालणार नाही!" सहा मिनिटं! सहा मिनिटं मी त्या माणसाची सालटी काढत होतो. काय भाषा, काय ओघ! लग्नातसुद्धा मी एवढं बोललो नव्हतो. आणि बाकीचे तीस मूग गिळून बघतायत. मला वाटलं, माझ्या बोलण्यानं हलले.

मग कुकूताई हळूच म्हणाल्या, "झालं का? वहीत बघा. नको कुणाच्या घरून आलंय ते लिहिलेलं असतं."

बघितलं. माझ्या घरून. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि ती सहा मिनिटंही खाली नोंदलेली, शब्द न् शब्द... माझ्याविषयी, माझ्याच तोंडून, एकतीस घरांत, कायमची!

मी मटकन बसलो. खुर्ची मागं पडलेली, म्हणजे फरशीवरच. मेहुण्याला फोन लावला, "अरे, पुसून टाक! एक शब्द!" तो म्हणाला, "दाजी, पुसता येत असतं तर मग साखळी कसली?" म्हटलं, "वरच्या माणसाला सांग." म्हणाला, "वर कुणी नाही." "मालकाला सांग!" आणि मग दोघं एकदमच म्हणालो... "कुणीच नाही."

आता बायकोला कळलं काय झालं ते. ती दारातच उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळं?" आणि तिचा चेहरा असा उतरला, मला स्वतःचीच लाज वाटली. म्हटलं, "नाही गं, तू फक्त विचारलंस. एकतीस वर्षं विचारतेयस. कधीतरी मी विचार करून उत्तर द्यायला हवं होतं." हे मी अगदी मनापासून बोललो. आणि मशीन चालूच होतं. तेही नोंदलं गेलं!

कुकूताई चष्मा सावरून म्हणाल्या, "नियमात एक वाट आहे. ज्यानं नको म्हटलं, तोच ते मागं घेऊ शकतो. पण कारण सांगायचं, आणि त्याला साक्षीदार हवा."

"आहे ना! ही बघा!" मी बायकोला धरून कॅमेऱ्यापुढं बसवलं. तिनं पदर नीट केला, तीस चेहऱ्यांना नमस्कार केला, आणि तिनं जी साक्ष दिली! अहो, मला वाटलं एक वाक्य बोलेल! ती म्हणाली, "हे खरं बोलतायत. ह्यांचं नको तुमच्या चाकाला नव्हतं, माझ्या पंख्याला होतं. लग्न होऊन एकतीस वर्षं झाली. माझ्या माहेरी पंखा होता. मी रोज विचारते, हे रोज नको म्हणतात. का, तर म्हणे स्प्रिंग उडेल. मी म्हटलं काचेचं झाकण करून घ्या. तर म्हणे बघू. ते बघू म्हणाले तेव्हा आमची थोरली बालवाडीत होती, आता तिची मुलगी बालवाडीत आहे."

मग अकराच्या अकरा कुकू ओरडल्या. तेवढ्यात लंबककाका म्हणाले, "मी..." आम्ही थांबलो. "...काचेच्या झाकणाखाली..." थांबलो. "...चाळीस वर्षं काम करतो. पंखा लावून!"

संपलं! फितूर सगळे! कुकूताईंनी ठराव मांडला, "साक्ष मान्य. पण दोन्ही गोष्टी एकत्र घेऊ. ह्यांना चाकाचं चित्र द्यावं, आणि ह्यांच्या घरी बाईंनी विचारलं की पंखा लागावा. एकच मत. पटत असेल तर चालेल म्हणा, नाहीतर नको म्हणा." म्हटलं, "अहो, चाकाचा आणि पंख्याचा संबंध काय?" तर म्हणाल्या, "दोन्ही फिरत नाहीयेत. आणि दोन्ही तुमच्यामुळं."

मशीन म्हणालं, "मत द्या. एक मिनिट." तीस "चालेल" अशी धडाधड पडली, लंबककाकांनीसुद्धा एका दमात म्हटलं! आणि राहिलो मी. एका बाजूला वडिलांचं घड्याळ, एका बाजूला माझ्या साऱ्या स्प्रिंगा. चाळीस सेकंद गेले. मी बायकोकडं बघितलं. ती नुसती पदरानं वारा घेत होती. पन्नास सेकंद... आणि मला खरंच वाटलं, किती वर्षं ही असा वारा घेत उभी आहे, आणि मी गावाच्या श्वासाच्या गप्पा मारतोय!

म्हणालो. "चालेल!" टिंग!

पुढचं झटपट सांगतो. चित्र उघडलं. तीस दाते! लेथवाल्याकडं पितळी चाक कापून घेतलं, मी आठवडाभर दाते घासले, आणि एक तारखेच्या आदल्या दिवशी एकशे बारा पायऱ्या चढलो, बायकोही सोबत. प्रत्येक जिन्यावर म्हणत होती, "बाई, इथं तरी वारा आहे!" चाक बसवलं, चावी दिली, म्हटलं, "कान लाव." तिनं लावला. मीही लावला. टक्... टक्... अकरा वर्षांनी ती दहा मिनिटं पुढं सरकली हो, आणि चारचे ठोके पडले! खाली बाजारात माणसं थांबून वर बघायला लागली, टाळ्या काय, शिट्ट्या काय! पालिकेतले साहेबही आले होते, दोन्ही हात तोंडाशी धरून खालून ओरडले, "चालेल का हो आता हे?" आणि मी वरून डोळे पुसत ओरडलो, "चाललंय, साहेब! चाललंय!"

एवढं सगळं चांगलं झालं, मग तक्रार कसली, म्हणाल. अहो, तो ठराव! आता रविवारी मिटिंग असली की मंडळी चौकशी करतात, "वहिनी, पंखा लागतो ना?" काचेचं झाकण करायला टाकलंय, सुताराला. तो म्हणतो, "बघू." तोवर परवा एक बारीकसं मनगटी घड्याळ उघडलं होतं, स्प्रिंग चिमट्यात, श्वास रोखलेला, आणि मागून दार वाजलं. "अहो, पंखा लावू का?" ते "न" ओठांपर्यंत आलं हो! पण समोर पडद्यावर लंबककाका. गेल्या रविवारची मिटिंग सोडून जायचं राहिलंय त्यांचं, अजून आहेत ते, आणि त्यांना घालवणार कोण? त्यांनी माझ्याकडं बघितलं... आधी एका डोळ्यानं... मग दुसऱ्या.

मी चिमट्यातल्या स्प्रिंगेला मनातल्या मनात निरोप दिला, लोहचुंबक जवळ ओढला आणि म्हणालो, "चालेल."